वाईट बातमी बोर्डापर्यंत पोचते का?

जागतिक आरोग्याचं काम करणाऱ्या ना-नफा संस्थेचं बोर्ड साधारणपणे वर्षातून चारदा भेटतं. प्रत्येक बैठक दीड दिवसाची धरली, तरी वर्षाकाठी जेमतेम पन्नास तास होतात. त्यातले काही सादरीकरणांत जातात, काही मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करण्यात. उरलेल्या वेळात दहा-बारा माणसांनी वीसेक देशांतले दवाखाने, औषधसाठे, कर्मचारी आणि रुग्ण यांची जबाबदारी पेलायची असते. कायद्याच्या नजरेत शेवटचं उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. पैसा खाल्ला गेला, रुग्णाला इजा झाली, संस्था बुडाली, तर ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ हा बचाव त्यांच्याकडे नसतो.

म्हणून बोर्ड कसं आहे हे पाहताना सदस्यांच्या पदव्या आणि नावलौकिक मी बाजूला ठेवतो. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. दूरच्या दवाखान्यातली वाईट बातमी या बोर्डापर्यंत किती दिवसांत येते, किती शाबूत येते आणि किती वाटांनी येते? समित्या, धोरणं, मतदानाचे नियम, जागांची वाटणी हे सगळं त्या एका प्रश्नावर पारखून घेता येतं.

बातमी वाटेत कशी झिजते ते पाहू. समजा, एका जिल्ह्याच्या औषधभांडारात लहान मुलांच्या क्षयरोगाच्या गोळ्या संपल्या. भांडारपाल लिहितो, ‘गोळ्या नाहीत, अकरा मुलं परत गेली.’ देश कार्यालयाच्या मासिक अहवालात ते ‘बालरुग्णांच्या औषधपुरवठ्यात तात्पुरता खंड’ होतं. प्रादेशिक संचालक पाच देशांचा गोषवारा करतो, तेव्हा ‘पुरवठ्याच्या अडचणींवर उपाययोजना सुरू’ एवढंच उरतं. मुख्यालयातल्या जोखीम नोंदवहीत त्याची एक ओळ होते आणि तिच्यापुढे पिवळा रंग लागतो. बोर्डाच्या कागदपत्रांत ती ओळ शंभराव्या पानापुढच्या कुठल्या तरी परिशिष्टात असते. या साखळीत कोणीही खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकाने आपल्या वरच्याला वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आखडतं लिहिलं. अकरा मुलं मात्र दुसऱ्याच पायरीवर गळून गेली.

झीज व्हायला कारणंही तशीच असतात. देशप्रमुखाचा करार बहुधा चालू अनुदानाला बांधलेला असतो. अनुदानाचं नूतनीकरण तोंडावर असताना तुटवड्याची बातमी ठळक करणं त्याला परवडत नाही. कार्यकारी संचालकाला बैठक सुरळीत पार पडायला हवी असते. आणि बोर्डाचे सदस्यही, स्वतःशी प्रामाणिक राहिले तर कबूल करतील, की चांगल्या बातम्या ऐकायला बरं वाटतं. सद्हेतूने, विनामोबदला आलेल्या माणसाला आपण वेळ सत्कारणी लावतोय असं वाटायला हवं असतं. ही इच्छा मानवी आहे. पण बोर्डाची रचना तिला धरून केली, की बोर्ड आंधळं होतं.

उपाय एकच: व्यवस्थापनाच्या साखळीतून न येणाऱ्या निदान दोन-तीन वाटा उघड्या ठेवायच्या.

पहिली वाट अंतर्गत लेखापरीक्षकाची. तो दैनंदिन कामकाजापुरता कार्यकारी संचालकाकडे असला तरी चालतं. पण त्याची नेमणूक, पगार, वार्षिक आराखडा आणि बडतर्फी या चार गोष्टी लेखापरीक्षण समितीच्या हातात हव्यात. यातली बडतर्फी सर्वांत महत्त्वाची. ज्याला संचालक एका पत्राने घरी पाठवू शकतो, तो संचालकाच्या खर्चाच्या पावत्या तपासणार नाही. समितीने वर्षातून किमान दोनदा त्याला एकट्याला, व्यवस्थापनातलं कोणीही खोलीत नसताना, भेटायचं. बाहेरच्या लेखापरीक्षकालाही तसंच. त्या भेटीत विचारायचा प्रश्न साधा आहे: तुम्हाला कुठली कागदपत्रं मागूनही मिळाली नाहीत?

समितीपुढे येणाऱ्या तक्त्यांत मी ज्याकडे आधी बघतो, तो जुन्या शेऱ्यांचा तक्ता. लेखापरीक्षणात निघालेल्या त्रुटींपैकी किती अजून उघड्या आहेत, आणि ठरलेल्या तारखेनंतर किती दिवस लोटलेत? नव्या त्रुटी निघतातच, त्यात वावगं काही नाही. पण वाहनांच्या इंधनाचा हिशेब जुळत नाही हा शेरा सलग तीन अहवालांत दिसला आणि दरवेळी अंतिम मुदत फक्त पुढे सरकली असेल, तर त्या देशात कोणाचंच नियंत्रण राहिलेलं नाही, असं समजायला हरकत नाही.

दुसरी वाट तक्रारीची. बहुतेक संस्थांकडे आज गोपनीय तक्रारीची सोय असते, आणि तिथेच अनेक बोर्डं समाधान मानतात. ‘यंदा एकही तक्रार नाही’ हे वाक्य इतिवृत्तात समाधानाने नोंदवलं जातं. हजारभर कर्मचारी आणि लाखो रुग्ण असलेल्या संस्थेत वर्षभरात शून्य तक्रारी आल्या, याचा बहुधा अर्थ असा, की फोन नंबर कोणाला ठाऊक नाही, किंवा पलीकडचा माणूस फक्त इंग्रजी बोलतो, किंवा आधी तक्रार केलेल्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तक्रारी किती आल्या यासोबत कुठून आल्या, कोणत्या भाषेत आल्या, कर्मचाऱ्यांकडून किती आणि रुग्णांकडून किती, निकाल लागायला किती दिवस लागले आणि तक्रारदार आज नोकरीत आहे का, हेही तक्त्यात हवं. हैतीतल्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणावरून २०१८ मध्ये ऑक्सफॅमवर जे वादळ उठलं, त्यानंतर मदतकार्यातल्या अनेक संस्थांनी या विषयासाठी बोर्डावर स्वतंत्र जबाबदार सदस्य नेमला. ते योग्यच झालं. पण संचालकाविरुद्धची तक्रार कोणाकडे जाते, हे अजूनही बऱ्याच नियमावल्यांत लिहिलेलं नसतं. ती थेट बोर्डाच्या अध्यक्षाकडे जावी, आणि अध्यक्षाविरुद्धची लेखापरीक्षण समितीच्या प्रमुखाकडे.

तिसरी वाट वैद्यकीय दर्जाची. ती सर्वांत कमी ठिकाणी आढळते आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पैशावर देखरेख ठेवायला दोन समित्या, पण रुग्णाला मिळणारी सेवा सुरक्षित आहे का हे पाहायला एकही नाही, अशी आरोग्यसंस्था सहज सापडते. अशा समितीपुढे दर तिमाहीला मोजक्या गोष्टी आल्या तरी पुरे: गंभीर दुष्परिणाम आणि टाळता येण्याजोगे मृत्यू, त्या प्रत्येकाची चौकशी पूर्ण झाली की नाही, अत्यावश्यक औषधांपैकी कोणती किती दिवस उपलब्ध नव्हती, मुदत संपून फेकावा लागलेला साठा, शीतसाखळी, म्हणजे लसी आणि औषधं थंड ठेवण्याची व्यवस्था, तुटल्याच्या नोंदी, उपचार मध्येच सोडलेल्यांची संख्या. समितीत प्रत्यक्ष रुग्ण तपासलेले निदान दोघे हवेत, आणि त्यांतला एक संस्था जिथे काम करते तशा ठिकाणचा.

उघडपणाची किंमत किती असते, हे ग्लोबल फंडाने अनुभवलंय. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्ध २००२ मध्ये उभ्या राहिलेल्या, जिनिव्हात मुख्यालय असलेल्या या संस्थेचा महानिरीक्षक, म्हणजे गैरव्यवहारांची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी, थेट बोर्डाला उत्तर देतो आणि त्याचे अहवाल जाहीर होतात. जानेवारी २०११ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने काही देशांतल्या गैरव्यवहारांवर बातमी दिली. तिचा आधार बराचसा फंडाच्या स्वतःच्या चौकशीचाच होता. जर्मनीसह काही देणगीदारांनी हप्ते रोखले. फंडाने खुलासा केला, की हिशेब न लागलेली रक्कम सुमारे ३.४ कोटी डॉलर आहे आणि तोवर वाटलेला निधी १३ अब्ज डॉलर. हा खुलासा खरा होता, तरी तो मला कधी पुरेसा वाटला नाही, कारण तपासणी सगळ्या १३ अब्जांची झालेली नव्हती. न तपासलेला पैसा छेदात घेतला, की टक्का लहान दिसणारच. कुठल्याही बोर्डाने असा आकडा समोर आला की पहिला प्रश्न छेदाबद्दल विचारावा.

पुढे त्याच वर्षी बोत्स्वानाचे माजी राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए आणि अमेरिकेचे माजी आरोग्यमंत्री मायकेल लेविट यांच्या नेतृत्वाखालच्या उच्चस्तरीय समितीने फंडाचा कारभार तपासला. जोखीम आणि आर्थिक देखरेख यांकडे बोर्डाने अधिक लक्ष द्यावं, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. समित्यांची रचना बदलली. नोव्हेंबर २०११ मध्ये, आक्रा इथल्या बैठकीत, अनुदानाची अकरावी फेरी रद्द करावी लागली. तिची तयारी करत बसलेल्या देशांना याचा फटका बसला. पण एवढं होऊनही महानिरीक्षकाचं स्वातंत्र्य आणि अहवाल जाहीर करण्याची पद्धत टिकली. फंडाच्या इतिहासातला बोर्डाचा सर्वांत मोलाचा निर्णय मी यालाच म्हणेन. वाईट बातमी सांगितल्याबद्दल शिक्षा झाल्यावर ती वाट बुजवून टाकणं किती सोपं होतं!

आता खुर्च्यांविषयी. बोर्डावर कोण बसतं यावर कुठल्या बातम्या त्याला कळतील हे बरंचसं ठरतं. ग्लोबल फंडाच्या बोर्डात मताचा अधिकार असलेल्या २० जागा आहेत. त्यांतल्या दहा देणगीदारांच्या बाजूच्या, म्हणजे सरकारं, खासगी क्षेत्र आणि प्रतिष्ठानं. उरलेल्या दहा कार्यक्रम राबवणाऱ्यांच्या बाजूच्या. त्यांत सात विकसनशील प्रदेश आहेत, स्वयंसेवी संस्थांच्या दोन जागा आहेत आणि एक जागा या आजारांसह जगणाऱ्या समुदायांची आहे. मतदान झालंच, तर ठराव मंजूर व्हायला दोन्ही गटांत वेगवेगळं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. सगळे हजर असतील तर कुठल्याही एका गटातली चार मतं ठराव अडवू शकतात. म्हणजे पैसा देणाऱ्यांना राबवणाऱ्यांवर निर्णय लादता येत नाही, आणि उलटही. त्यामुळे खरी बोलणी बैठकीआधीच्या गटवार चर्चांत होतात. समुदायांच्या जागेला सुरुवातीला मत नव्हतं, ते नंतर मिळालं.

गावी या लसीकरणाच्या संस्थेने वेगळा मार्ग घेतला. तिच्या बोर्डात अनेक वर्षं २८ जागा होत्या: १८ सरकारं आणि भागीदार संस्थांच्या प्रतिनिधींच्या, नऊ स्वतंत्र व्यक्तींच्या आणि एक मताविना मुख्याधिकाऱ्याची. स्वतंत्र सदस्य का हवेत? प्रतिनिधी सदस्याला दोन धन्यांची सेवा करावी लागते. आपल्या सरकारचा पैसा कुठे जातो ते तो बघतो आणि संस्थेचं हितही त्यानेच बघायचं असतं. दोहोंत अंतर पडलं, तर निदान काही माणसं अशी हवीत ज्यांना घरी परतून कोणाला उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्या टोकाला गेट्स फाउंडेशन. एवढ्या प्रचंड निधीचे २०२१ पर्यंत तिघंच विश्वस्त होते: बिल गेट्स, मेलिंडा फ्रेंच गेट्स आणि वॉरन बफे. त्या वर्षी बफे बाहेर पडले आणि जानेवारी २०२२ मध्ये बाहेरच्या व्यक्तींना विश्वस्त म्हणून घेतलं गेलं.

ग्लोबल हेल्थ ५०/५० या गटाने २०२२ मध्ये जागतिक आरोग्यातल्या संस्थांच्या बोर्डांवरच्या दोन हजारांहून अधिक जागा मोजल्या. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश श्रीमंत देशांच्या नागरिकांकडे होत्या, आणि त्यांतला मोठा वाटा अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांच्या नागरिकांकडे. न्यायाचा प्रश्न तर यात आहेच, पण मला माहितीचा प्रश्नही तेवढाच मोठा वाटतो. ज्या माणसाने औषधासाठी रांगेत उभं राहून रिकाम्या हाताने परतणं अनुभवलेलं आहे, त्याला ‘पुरवठ्यात तात्पुरता खंड’ वाचल्यावर पुढचा प्रश्न सुचतो. इतरांना तो सुचेलच असं नाही.

पण रुग्णांच्या प्रतिनिधीला नुसती जागा देऊन भागत नाही. बैठकीच्या तीन दिवस आधी इंग्रजीतली अडीचशे पानं पाठवायची, प्रवासाचे पैसे स्वतः भरून नंतर परत मागायला सांगायचं, आणि मग ‘त्या फारशा बोलत नाहीत’ म्हणायचं, हे अनेक ठिकाणी चालतं. कागद किमान दहा दिवस आधी हवेत. प्रत्येक विषयाला दोन पानांचा गोषवारा हवा, ज्यात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असेल, की बोर्डाकडून काय हवंय: निर्णय, सल्ला, की फक्त माहिती. तिकीट आणि खर्च आगाऊ, नोकरीतली बुडालेली रोजी भरून देणं, गरज असेल तर दुभाषी, आणि बैठकीच्या आठवडाभर आधी वित्तप्रमुखासोबत तासभराचा फोन. ऑनलाइन बैठकीची वेळ दरवेळी एकाच खंडाच्या मध्यरात्री येणार नाही, हेही पाहायला हवं. यातलं काहीच महाग नाही. रुग्णांच्या प्रतिनिधींच्या जागा एकऐवजी दोन असाव्यात असंही माझं मत आहे; बारा जणांत एकट्याने वेगळा सूर लावायला फार धैर्य लागतं.

हितसंबंधांच्या बाबतीत बहुतेक बोर्डं वर्षातून एकदा फॉर्म भरून घेतात आणि फाइल बंद करतात. या क्षेत्रात जगच लहान आहे. बोर्डावरचा प्राध्यापक ज्या विद्यापीठात शिकवतो त्यालाच संशोधनाचं अनुदान जाणार असतं, देणगीदाराचा प्रतिनिधी स्वतःच्याच अनुदानाच्या मूल्यमापनावर मत देणार असतो. म्हणून प्रत्येक बैठकीच्या आरंभी विषयपत्रिकेतल्या एकेका विषयासाठी विचारायचं, संबंध असेल तर माहितीपुरते प्रश्न घेऊन त्या सदस्याने चर्चेआधी खोली सोडायची, आणि तो कधी गेला, कधी परतला याची इतिवृत्तात नोंद करायची. नुसतं मत न देणं पुरत नाही. देणगीदार समोर बसलेला असताना त्याच्या प्रकल्पाला कोणी नको म्हणत नाही.

पैशाच्या बाबतीत बोर्ड सर्वाधिक फसतं ते ताळेबंदातल्या मोठ्या आकड्याने. उदाहरण घ्या. निव्वळ मत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरलेली मालमत्ता, ९० लाख डॉलर. यातले ७० लाख ठरावीक प्रकल्पांसाठी बंधित. उरले २०. त्यातले ११ लाख गाड्या, प्रयोगशाळेची यंत्रं आणि शीतगृहं यांत अडकलेले. गाडी विकून पगार होत नाही. म्हणजे हाताशी मोकळे नऊ लाख. महिन्याचा खर्च सहा लाख असेल, तर ही संस्था दीड महिना तगेल. तीन ते सहा महिन्यांचा राखीव निधी असावा असा सर्वमान्य दंडक आहे, आणि तो ९० लाखांवर मोजला तर चुकीचा दिलासा मिळतो. दर तिमाहीला ही वजाबाकी एका ओळीत बोर्डापुढे यायला हवी. जोडीला दुसरी ओळ: एका प्रकल्पाची रोकड दुसऱ्याच्या पगाराला तात्पुरती वापरली आहे का? संस्था बुडण्याची सुरुवात कित्येकदा याच ‘तात्पुरत्या’ने होते. खर्च परतफेडीने देणारा देणगीदार दोन महिने उशीर करतो, पगार थांबवता येत नाहीत, बँकेत दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे दिसत असतात.

मोकळा पैसा साठत का नाही, यालाही कारण आहे. मुख्यालयाचा खर्च म्हणून देणगीदार ठरावीक टक्केच देतात. अमेरिकेच्या केंद्रीय अनुदानांत, वेगळा दर ठरलेला नसेल, तर हा दर १० टक्के होता, तो ऑक्टोबर २०२४ पासून १५ झाला. प्रत्यक्ष खर्च अनेकदा याहून जास्त असतो, आणि प्रत्येक नव्या अनुदानागणिक ही तूट संस्था स्वतःच्या मोकळ्या पैशातून भरते. मोठं अनुदान मिळाल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो; त्या अनुदानामुळे दरवर्षी किती घालावे लागणार, हा रकाना त्या कागदावर असायला हवा. काही अनुदानं नाकारणं हेही बोर्डाचं काम आहे.

संचालक निवडणं आणि गरज पडली तर काढणं, हे बोर्डाचं असं काम जे दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. इथेही बातमी वेळेत कळण्याला महत्त्व आहे. ग्लोबल फंडाच्या बोर्डाला फेब्रुवारी २०१७ मध्ये अंतिम उमेदवार समोर असताना निवड थांबवून पुन्हा सुरुवात करावी लागली. पीटर सँड्स यांची निवड नोव्हेंबरात झाली, मधल्या काळात मरायके वाइनरोक्स यांनी धुरा सांभाळली. गावीने २०२३ मध्ये निवडलेले मुहम्मद अली पाते यांनी रुजू होण्याआधीच माघार घेतली, नंतर ते नायजेरियाचे आरोग्यमंत्री झाले. डेव्हिड मार्लो यांनी हंगामी काम पाहिलं आणि सानिया निश्तार मार्च २०२४ मध्ये आल्या. दोन्ही संस्थांचं काम थांबलं नाही, कारण आतला कोणीतरी लगेच पुढे होऊ शकत होता. लहान संस्थांत नेमकं हेच नसतं. उद्या संचालक आजारी पडला तर बँकेच्या सह्या कोणाच्या, देणगीदारांना कोण कळवणार, कुठले निर्णय हंगामी माणसाने घ्यायचे नाहीत, हे एका पानावर लिहून दरवर्षी तपासलं तरी काम होतं.

आणि बंद करण्याची योजना. तिच्याविषयी बोलणं बोर्डांना अशुभ वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, जुलैपर्यंत यूएसएड ही तिची परदेशी मदत वाटणारी सरकारी यंत्रणा संपुष्टात आली, आणि कित्येक संस्थांना काही दिवसांच्या सूचनेवर दवाखाने बंद करावे लागले. औषधचाचण्या सहभागींवर उपचार सुरू असतानाच थांबल्या. त्या आठवड्यात ज्या बोर्डांनी यादी करायला घेतली त्यांना उशीर झाला होता. ती यादी आधीपासून प्रत्येक देशासाठी असायला हवी, सहा महिन्यांनी ताजी करून: आज उपचारावर असलेले रुग्ण किती, आजारानुसार, हातातला औषधसाठा किती दिवसांचा, उपचार मध्ये तोडले तर जंतूंचा औषधांना प्रतिरोध वाढण्याचा धोका कुणाला, म्हणजे क्षयरोग आणि एचआयव्हीचे रुग्ण सर्वांत आधी, त्यांना कोणता सरकारी दवाखाना घेऊ शकतो आणि तिथल्या प्रमुखाशी शेवटचं बोलणं कधी झालं, रुग्णांच्या नोंदी कोणाकडे सोपवायच्या, कर्मचाऱ्यांची कायदेशीर देणी किती आणि ती मोकळ्या पैशातून भागतात का. राखीव निधीतला ठरावीक हिस्सा बोर्डाने ठराव करून याच कामासाठी बाजूला काढायचा, आणि तो सोडवण्याचा अधिकार दोन सदस्यांच्या सहीने चोवीस तासांत वापरता येईल असा ठेवायचा, कारण पूर्ण बोर्डाची गणपूर्ती जमायला आठवडा लागतो आणि हातातला साठा तोवर पुरेलच असं नाही.